सेगावची वाट

बी. ए. द्वितीय वर्ष

शेगावचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या बुलडाणा जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. गजानन महाराजांचे शेगाव! आमच्या पिंपळगाव राजातून दरवर्षी कितीतरी माणसे पायी शेगावला जाऊन येतात. पण याच शेगावला एके काळी महात्मा गांधींच्या नावाची पत्रे चुकून येऊन पडत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. वर्ध्यापासून पाच मैलांवर सेगाव नावाचे एक लहानसे खेडे होते. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले आणि देशातूनच नव्हे तर जगभरातून त्यांच्या नावाची पत्रे सेगावच्या पत्त्यावर निघू लागली. एक सेगाव, एक शेगाव. दोन्ही एकाच नागपूर-भुसावळ रेल्वेच्या वाटेवर. टपाल खात्याचा घोटाळा व्हायचा तो झालाच. शेवटी १९४० साली त्या खेड्याचे नाव बदलून सेवाग्राम असे ठेवण्यात आले. आज सारे जग ज्या नावाने ते गाव ओळखते, त्या नावामागे आपल्या शेगावचाही थोडा हात आहे म्हणायचा!

गांधीजींचे चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. दोन ऑक्टोबरला भाषणेही केली आहेत. मीसुद्धा केली. जन्म पोरबंदर, शिक्षण लंडन, मग आफ्रिका, मग मिठाचा सत्याग्रह, मग छोडो भारत. हा क्रम आपल्याला पाठ असतो. पण हा माणूस आयुष्यभर बिऱ्हाड हलवत राहिला, आणि वयाच्या ६६ व्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडची माणसे ओसरीवर बसून नातवंडे सांभाळतात, त्या वयात तो विदर्भातल्या एका चिखलाच्या, तापाच्या खेड्यात नव्याने राहायला आला, याकडे माझे लक्ष आजवर कधी गेले नव्हते. हे का झाले? त्यांना सारा देश मोकळा होता. कोणत्याही शहरात कोणीही त्यांना बंगला दिला असता. मग सेगावच का? या एका प्रश्नाचा धागा धरून मी त्यांचे चरित्र पुन्हा वाचले. जे सापडले ते येथे मांडते.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील दिवाण होते. ते राजकोटला गेले तेव्हा मोहन सात वर्षांचा होता. हे पहिले स्थलांतर, पण ते वडिलांच्या नोकरीचे. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, १८९१ मध्ये परत आले. परत आले तेव्हा हातात मोठी पदवी होती आणि काम मात्र नव्हते. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, पक्षकाराला पैसे परत करायला सांगितले. मग राजकोटला येऊन लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करू लागले. आजच्या भाषेत बोलायचे तर उच्चशिक्षित, पण मनाजोगे काम नसलेला तरुण!

अशा वेळी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीकडून दक्षिण आफ्रिकेतल्या एका दाव्यासाठी बोलावणे आले. एका वर्षाचा करार, जाण्यायेण्याचे भाडे आणि १०५ पौंड मेहनताना. १८९३ साली ते निघाले. तेव्हा त्यांच्या मनात देशसेवा वगैरे काही नव्हते. गावात काम मिळत नाही म्हणून आपल्याकडचा तरुण पुण्याला किंवा सुरतेला जातो, तसेच ते गेले. पोटासाठी गेले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण थोर माणसे पहिल्या दिवसापासून थोर कारणांनीच घराबाहेर पडतात असा आपला समज असतो. तो खरा नाही.

पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवले आणि थंडीत त्यांनी रात्र काढली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पुढच्या वर्षीची. दावा मिटला. करार संपला. १८९४ मध्ये त्यांच्या निरोपाचा समारंभ चालू असताना वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यातली बातमी त्यांच्या नजरेस पडली. नाताळमधल्या हिंदी लोकांचा मताचा हक्क काढून घेणारे विधेयक येत होते. जमलेल्या व्यापाऱ्यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला आणि ते थांबले. एक वर्षासाठी गेलेला माणूस पुढे, मधले थोडे दिवस सोडले तर, १९१४ पर्यंत तिथेच राहिला. पोटासाठी गाठलेला मुलूख त्यांनी त्या रात्री स्वतः निवडला असे म्हणावे लागेल.

पुढे जोहान्सबर्गला त्यांची वकिली चांगली चालू लागली. पैसा, घर, मान सारे आले. पण १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बानला जाताना आगगाडीत त्यांनी इंग्रज लेखक रस्किन यांचे एक पुस्तक वाचले आणि अंगमेहनतीचे जीवन हेच खरे जीवन असे त्यांच्या मनाने घेतले. आपण पुस्तके वाचतो, परीक्षा देतो आणि विसरतो. गांधीजींनी मात्र पुस्तक वाचून काही दिवसांतच जागा शोधायला सुरुवात केली! डर्बानपासून चौदा मैलांवर फिनिक्स येथे शंभर एकर जमीन घेतली. तिथे संत्र्यांची आणि आंब्यांची काही झाडे होती, झरा होता आणि साप पुष्कळ होते. छापखाना उचलून तिथे नेला. पुढे १९१० मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. त्यासाठी अकराशे एकर जमीन त्यांचे मित्र हरमान कॅलनबाख यांनी दिली. फळझाडे तिथेही होती. पण राहणाऱ्यांनी आपली घरे आपणच बांधायची, आपले संडास आपणच साफ करायचे, आपल्या चपलाही आपणच शिवायच्या असा नियम होता.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईला उतरले. वय पंचेचाळीस. आता प्रश्न उभा राहिला की राहायचे कुठे? गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना सांगितले होते की वर्षभर देश पाहा, एवढ्यात मते मांडू नका. ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पाहत फिरले. जिथे जात तिथे लोक म्हणत, आमच्याकडे राहा. स्वामी श्रद्धानंदांची इच्छा होती की त्यांनी हरिद्वारला राहावे. कलकत्त्याच्या काही मित्रांनी वैद्यनाथधाम सुचवले. राजकोटची मंडळी आपल्या गावाचा आग्रह धरून होती. हरिद्वार गंगेकाठी, वैद्यनाथधाम ज्योतिर्लिंगाचे ठिकाण, राजकोट तर स्वतःचे घर. यांतले कोणतेही निवडले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

त्यांनी अहमदाबाद निवडले. आणि का निवडले याची कारणे त्यांनी आत्मकथेत साधेपणाने मांडून ठेवली आहेत. पहिले कारण भाषा. आपण गुजराती, तेव्हा गुजरातीतून आपल्या हातून देशाची अधिक सेवा होईल असा त्यांचा हिशेब होता. दुसरे कारण काम. अहमदाबाद हे हातमागाचे जुने ठिकाण होते. हातसुताचा धंदा पुन्हा उभा करायचा तर तिथेच बरे. तिसरे कारण पैसा. शहरात धनिक लोक होते, त्यांच्याकडून मदत मिळेल अशी आशा होती. मला ही तीन कारणे वाचून आश्चर्य वाटले. यात कुठे दृष्टान्त नाही, स्वप्न नाही, नशीब नाही. एखादा जाणता शेतकरी नवे वावर घेताना माती पाहतो, पाणी पाहतो आणि बाजार किती लांब आहे ते पाहतो, अगदी तसेच!

२५ मे १९१५ रोजी अहमदाबादजवळ कोचरब येथे एका भाड्याच्या बंगल्यात सत्याग्रहाश्रम सुरू झाला. पण जागा निवडणे सोपे आणि तिथे टिकणे अवघड, हे लगेच दिसून आले. थोड्याच महिन्यांत दुदाभाई नावाचे एक गृहस्थ पत्नी आणि लहान मुलीसह आश्रमात राहायला आले. ते त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे होते. विहिरीवर तंटा झाला. धनिकांची मदत बंद पडली. ज्या पैशाच्या भरवशावर अहमदाबाद निवडले होते, तोच आटला. आश्रमातही कुरबुर झाली. खुद्द कस्तुरबांनाही ते रुचले नव्हते. गांधीजींनी ठरवले की पैसे संपले तर शहर सोडायचे नाही, अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहायचे. तेवढ्यात एका गिरणीमालकाने गाडीतून येऊन तेरा हजार रुपये हातात ठेवले आणि आश्रम वाचला. १९१७ मध्ये कोचरबला प्लेगची साथ आली तेव्हा आश्रम साबरमतीच्या काठी हलवला. जवळच तुरुंग होता आणि गांधीजींना ते सोयीचे वाटले, कारण सत्याग्रह्याला तुरुंगाची वाट लांब असून चालत नाही!

साबरमतीला बारातेरा वर्षे गेली. खादी तिथे वाढली. १२ मार्च १९३० रोजी निवडक ७८ सत्याग्रहींसह ते तिथूनच दांडीला निघाले. निघताना त्यांनी निश्चय केला की स्वराज्य मिळाल्याशिवाय या आश्रमात परत राहायला यायचे नाही. हा निश्चय त्यांनी मोडला नाही. मिठाचा कायदा मोडला, येरवड्याचा तुरुंग झाला, करार झाला, विलायतेची गोलमेज परिषद झाली, पुन्हा तुरुंग, पुणे करार, उपोषणे. १९३३ मध्ये त्यांनी साबरमतीचा आश्रम विसर्जित केला आणि पुढे ती वास्तू हरिजन सेवक संघाकडे दिली. म्हणजे आता हा माणूस पुन्हा बिनघराचा झाला.

इथे आपला विदर्भ या चरित्रात येतो, आणि तो येतो जमनालाल बजाज यांच्यामुळे. जमनालालजी मूळचे राजस्थानातल्या सीकर भागातले. लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. तेही दुसऱ्या मुलखातून आलेलेच. त्यांनी वर्धा आपले केले. त्यांच्या आग्रहावरून १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले केले. तेव्हा हे किती मोठे धाडस असेल, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. गांधीजींनी वर्ध्याला येऊन राहावे असा जमनालालजींचा वर्षानुवर्षांचा आग्रह होता.

वर्धा सोयीचेही होते. देशाच्या मध्यावर. मुंबईहून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारी गाडी तिथून जाते आणि दिल्लीकडून मद्रासकडे जाणारी वाटही तिथूनच. विनोबांसारखा माणूस तिथे आधीपासून होता. आजूबाजूला कापूस पिकत होता, म्हणजे चरख्याला लागणारा माल दाराशी होता. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्यापासूनच सुरू झाला. नऊ महिने आणि हजारो मैल ते अस्पृश्यतेविरुद्ध बोलत देशभर हिंडले. १९३४ मध्ये त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालालजींनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिले. गांधीजींचे पुतणे आणि आश्रमाचा कणा असलेले मगनलाल १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या आठवणीसाठी जागेला मगनवाडी नाव पडले. तिथे कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलाची घाणी, हातकागद, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या यांचे प्रयोग चालू झाले.

पण वर्धा हे शेवटी शहर. खेड्यांविषयी बोलायचे आणि शहरात राहायचे, हे त्यांना टोचत होते. त्यांनी आधी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात सफाई सुरू केली. सकाळी उठून स्वतः आणि सोबतची माणसे तिथे जात आणि रस्त्यावरचा मैला उचलत. मीराबेन तिथे राहिल्या. गावकरी पाहत राहिले. महिने गेले तरी गावाची सवय फारशी सुटली नाही. ज्या माणसाच्या एका शब्दावर हजारो लोक तुरुंगात जात होते, त्याला एका गावाने या बाबतीत दाद दिली नाही! मला वाटते, याच अनुभवातून त्यांनी पुढचा निर्णय घेतला. बाहेरून येऊन रोज सांगून जाणाऱ्याचे गाव ऐकत नाही. राहिले पाहिजे.

मीराबेन आधीच सेगावला गेल्या होत्या. सेगावची बरीच जमीन जमनालालजींच्या मालगुजारीत होती. वस्ती सुमारे सहाशेची, त्यांतले पुष्कळ लोक अस्पृश्य मानलेल्या जातींचे. वर्ध्याहून धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतत असे. जाण्यापूर्वी गांधीजींनी आपल्या अटी लिहून कळवल्या. झोपडीला खर्च शक्य तितका कमी, आणि शंभर रुपयांच्या वर मुळीच नको. लागेल ती मदत सेगावातूनच घ्यायची. स्वतः एकट्यानेच राहायचे. बांची इच्छा असेल तर त्यांनी यावे. ३० एप्रिल १९३६ रोजी वैशाखाच्या उन्हात ते सेगावला आले. मध्ये थोडे दिवस विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातल्या नंदी हिल्सला जाऊन जूनमध्ये परत आले आणि सेगावकर झाले. माती, बांबू आणि कवेलू यांचे पहिले घर उभे राहिले, ते आदिनिवास. त्या वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ आज तिथे मोठा झाला आहे.

गाव त्यांच्यावर लगेच प्रसन्न झाले असे कोणी समजू नये. गावकऱ्यांना त्यांनी येण्याचा हेतू उघड सांगितला होता, त्यात अस्पृश्यता घालवणे हेही होते. महात्मा गावात राहायला आला याचा आनंद होता, पण शिवाशिवीची चाल सोडायला पुष्कळांची तयारी नव्हती. पाहुणा हवा, त्याचे म्हणणे नको! त्याच वर्षी गांधीजींना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. मीराबेनना विषमज्वराने गाठले. साप तर इतके निघत की ते न मारता पकडून लांब सोडण्यासाठी आश्रमात चिमटा आणि पिंजरा ठेवलेला होता. तो आजही पाहायला मिळतो.

त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यासमवेत सेगावला येऊन गांधीजींना भेटले. आदल्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. दोघांचे मत जुळले नाही. हरिजन हा शब्दही बाबासाहेबांना मान्य नव्हता, आणि आज आपण तो वापरत नाही. मला ही भेट महत्त्वाची वाटते ती यासाठी की ज्या लोकांसाठी आपण एखाद्या गावात जातो, त्यांचे म्हणणे आपल्याहून वेगळे असू शकते. गांधीजी सेगावात राहून जे करू पाहत होते, ते पुरेसे नाही असे बाबासाहेबांचे मत होते, आणि विसाच वर्षांनी नागपुरात लाखो लोकांनी कोणती वाट धरली हे विदर्भातल्या मुलांना नव्याने सांगायला नको.

एकट्याने राहण्याचा बेत तर फारच लवकर मोडला. माणसे येत गेली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना निघाली. तिची शाळा सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम यांनी चालवली. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन दारात आले. त्यांना ठेवून घेतले आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला तेल लावत. जगाने टाकलेला माणूस तिथे पंडित म्हणूनच राहिला. नेते आले, लॉर्ड लोथियनसारखे इंग्रज मुत्सद्दीही येऊन राहिले. व्हाइसरॉयने थेट बोलता यावे म्हणून तिथे टेलिफोन बसवला. ज्या गावाला धड रस्ता नव्हता त्या गावात दिल्लीचा टेलिफोन! १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला.

यात एक गोष्ट मात्र मला खटकते. आश्रम वाढला तसे गाव मागे पडले. बाहेरून आलेल्यांची वस्ती वेगळी आणि मूळ गाव वेगळे, असे काहीसे झाले. गावात मिसळून राहण्यासाठी आलेल्या माणसाभोवती देश गोळा झाला. त्यात त्यांचा दोष म्हणावा की त्यांच्या मोठेपणाची ती किंमत म्हणावी, हे वाचकांनी ठरवावे.

आणि दुसरी गोष्ट कस्तुरबांची. मुलगी म्हणून हे चरित्र वाचताना मला ती सारखी आठवत राहिली. गांधीजींनी सात ठिकाणे बदलली तर बांनीही बदलली. फिनिक्सचे साप त्यांनी पाहिले, कोचरबचा बहिष्कार सोसला, साबरमती उभी केली आणि सोडली. त्यांना प्रत्येक वेळी कोणी विचारले होते का? सेगावच्या वेळी त्यांची इच्छा असेल तर, असे शब्द आले, ही मोठीच गोष्ट. पण आल्यावर आदिनिवासाच्या एका खोलीत सगळ्यांच्या गर्दीत त्यांना आडोसाही नव्हता. शेवटी जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी लहान कुटी बांधून घेतली. ती बा कुटी. मीराबेन यांचे याच्या उलट. त्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या, १९२५ साली आपला देश सोडून आपल्या मनाने साबरमतीला आल्या. एक आली ती स्वतः निवडून, दुसरी आली ती नवऱ्यामागे. सेवा दोघींनीही केली. आपल्या घरांतल्या बहुतेक बायका दुसऱ्या वाटेनेच नव्या गावाला येतात. माझी आजी, माझी आई अशाच आल्या. गाव त्यांनी निवडले नव्हते. तरी ते उभे ठेवले त्यांनीच.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवले. सहाच दिवसांत तिथे महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. बा कुटीत त्या परत आल्याच नाहीत. जमनालालजी त्याआधीच, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वारले होते. सुटून आल्यावर गांधीजी पुन्हा सेवाग्रामला आले खरे, पण ज्यांच्या हाताला धरून ते इथे आले होते ती माणसे उरली नव्हती. १९४६ च्या ऑगस्टअखेर ते दिल्लीला गेले. मग नोआखालीची दंगल, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. जिथे आग लागली तिथे ते गेले. १९४८ च्या फेब्रुवारीत सेवाग्रामला परत येण्याचे त्यांच्या मनात होते. ३० जानेवारीला दिल्लीत त्यांची हत्या झाली. स्वराज्य आल्यावर साबरमतीला जाणे झाले नाही आणि सेवाग्रामलाही परतणे झाले नाही.

त्यानंतरही सेवाग्राम ओसाड पडले नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि १९६९ साली तिथे खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विदर्भातल्या कितीतरी गरीब घरांना आज त्या दवाखान्याचा आधार आहे. गांधीजींना ज्या गावात हिवतापाने गाठले आणि उपचारासाठी पाच मैल दूर न्यावे लागले, त्या गावात आज डॉक्टर तयार होतात.

मित्रहो, हे सारे मी का लिहिले? आपल्या भागात कापूस-सोयाबीन करणाऱ्या घरांत काय चालले आहे ते आपण जाणतो. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलडाणा होता आणि गांधीजींचा वर्धाही होता. आमच्या गावातून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पुण्याकडे नाही तर सुरतेकडे निघते. त्यांना मी नावे ठेवणार नाही. गांधीजीसुद्धा पहिल्यांदा पोटासाठीच निघाले होते. सर्वांनी खेड्यातच राहावे असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, आणि उपदेशाने पोट भरत नाही.

पण पुढच्या वर्षी पदवी हातात आल्यावर मलाही ठरवायचे आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणाला विचारावे असे घरात कोणी नाही. नात्यातली मंडळी म्हणतात पुण्याला ये, कंपनीत काम मिळेल. घरची म्हणतात स्थळ पाहू, म्हणजे गाव त्याबरोबर आपोआप ठरेल. मी अजून काही ठरवलेले नाही. मात्र ठरवताना कोणते प्रश्न विचारायचे, ते या चरित्राने मला दिले. अहमदाबादने तीन दिले : तिथल्या माणसांची बोली मला बोलता येते का, तिथे माझ्या हातांना कोणते काम आहे आणि खर्च कसा भागणार आहे. सिंदी आणि सेगावने चौथा दिला : जे तिथे आधीपासून राहतात त्यांना माझे येणे हवे आहे का, आणि त्यांना नको असले तर मी किती दिवस थांबायला तयार आहे. पाचवा बांच्या कुटीने दिला : माझ्या निर्णयामागे आणखी कोणाला फरफटत यावे लागणार आहे का, आणि मला कोणामागे जावे लागणार असेल तर मला विचारले गेले आहे का.

या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या गावाच्या बाजूने पडतील, तिथे जावे. ते पुणे असेल, सेवाग्राम असेल, नाही तर आमचे पिंपळगाव राजाच असेल.